साडीचा कोणता फोटो लावू? जोड्या लावून मत घेणाऱ्या नव्या साइटबद्दल

दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि बघणाऱ्याला विचारायचं, यातला कोणता? एक निवडला की पुढची जोडी समोर येते. जोड्या संपल्या की फोटो टाकणाऱ्याला सगळ्या फोटोंचा क्रम मिळतो. ही नवी साइट एवढंच काम करते, आणि मला नेमकं हेच काम कुणीतरी करून द्यायला हवं होतं. साइट अजून चाचणीत आहे, नावही बदलायचं चाललंय, म्हणून नाव लिहीत नाही. बनवणारी दोन मुलं इथलीच, इंदूरची. त्यातल्या एकाची आई आणि मी सानंद या इथल्या संस्थेच्या नाटकांना बरोबर जातो. "काकू, वापरून बघा आणि जे वाटेल ते स्पष्ट लिहा," असं ती मुलं म्हणाली आहेत, तर स्पष्टच लिहिते.

मी घरून महेश्वरी साड्या विकते. सुदामानगरातल्या घराची एक खोली त्यासाठीच ठेवली आहे, तिला उत्तरेची मोठी खिडकी आहे. माल महेश्वरच्या विणकरांकडून थेट येतो. गिऱ्हाइकं मात्र बहुतेक पुण्याची, नाशिकची, नागपूरची. त्यांच्या हाती साडी पडण्याआधी फोटो पडतो, आणि साडी परत येते तेव्हा कारण बहुतेक वेळा फोटोतच असतं. या धंद्याआधी बरीच वर्षं मी एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंगला होते. समोर छोट्या पडद्यावर निगेटिव्ह, हाताखाली सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटीच्या कळा. नवरीचा शालू लाल छापायचा की मरून, हे बोटांना ठरवावं लागायचं, कारण शालू काही लॅबमध्ये येत नाही. त्यामुळे रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे आणि या लिखाणाचा मोठा भाग रंगावरच जाणार आहे.

आधी आवडलं ते. आजवर फोटो निवडायचे तर मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचे. पहिल्या दोघींनी "दुसरा" लिहिलं की पुढच्या सगळ्यांना दुसराच आवडायचा. कुणी "सगळेच छान गं" म्हणून मोकळी व्हायची. पोल टाकला तरी कुणी कुठे मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, आणि मोठ्या जाऊबाईंनी एक निवडलेला असताना धाकटी दुसरा निवडत नाही. या साइटवर मत देणाऱ्याचं नाव लागत नाही आणि स्वतःच्या जोड्या पूर्ण होईपर्यंत दुसऱ्यांचा कल दिसत नाही. फरक लगेच कळला. खिडकीच्या उजेडातला, घडी घालून पदर अर्धा सोडलेला एक फोटो ग्रुपवर कुणी मोजलाही नव्हता. त्याच बायकांनी त्याच फोटोला इथे दुसऱ्या क्रमांकावर बसवलं.

दुसरं म्हणजे गुण विचारत नाहीत हे फार चांगलं. दहापैकी किती, असं विचारलं की आपल्याकडे सगळ्या सात नाहीतर आठ देतात. कमी दिले तर समोरचीला वाईट वाटेल ही भीती असते. दोनातली एक घे म्हटलं की डोळा झटकन ठरवतो. लुई थर्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्येच जोड्यांच्या तुलनेवरून क्रम कसा काढायचा याचं गणित मांडलं होतं. साडीच्या दुकानात तर हे रोज चालतं. शीतलामाता बाजारात गादीवरचा माणूस ढीगभर साड्या उलगडतो, पण गिऱ्हाईक अडलं की बाकीच्या हाताने मागे सारतो आणि दोनच पुढे ठेवतो. शिवाय दोन्ही फोटो एकाच स्क्रीनवर दिसतात. कुणाचा मोबाइल पिवळट दाखवत असेल तर दोन्ही फोटो सारखेच पिवळट दिसणार, तुलना बिघडत नाही. डावी-उजवी बाजूही साइट आलटून पालटून बदलते. अंगठ्याजवळच्या फोटोला जास्त मतं पडू नयेत म्हणून हे लागतंच, आणि मुलांनी ते न सांगता केलं आहे.

आता मुख्य गोष्ट. साइट मत देणाऱ्याला विचारते, "कोणता फोटो चांगला?" कशासाठी चांगला, हे लिहायची सोयच नाही. माझ्या मते इथेच सगळं अडतं.

एक साडी सांगते. ताणा म्हणजे उभा धागा राणी रंगाचा, रेशमी. बाणा म्हणजे आडवा धागा निळा, सुती. दोन्ही मिळून अंगावर वांगी रंग दिसतो, पण तो एका जागी थांबत नाही. निऱ्या हलल्या की घडीच्या माथ्यावर राणी उजळते आणि खोलगटात निळा उतरतो. महेश्वरचे विणकर याला धूपछाँव म्हणतात. या साडीचा एकच खरा फोटो असूच शकत नाही, आणि त्यात वांगी आणि जांभळा हे रंग फोनच्या कॅमेऱ्यांना जड जातात, बरेच फोन त्यांना सरळ निळ्याकडे ढकलतात. मी हिचे सहा फोटो टाकले: गच्चीवर सकाळच्या उन्हात, खिडकीशी, ट्यूबलाइटखाली, घडी घालून, भाचीच्या अंगावर, आणि काठ अगदी जवळून. सहा फोटोंच्या जोड्या पंधरा होतात, तेवढ्या कुणीही कंटाळा न करता बघतं.

हाच संच मी दोनदा टाकला. एक लिंक ज्यांनी ही साडी कधी पाहिली नाही अशांना पाठवली. दुसरी अशा गिऱ्हाइकांना, ज्यांनी याच लॉटमधली साडी घेतली होती आणि ती त्यांच्या कपाटात होती. पहिल्या गटात गच्चीवरचा फोटो सरळ वर गेला. त्यात राणी पेटलेली दिसते, जर लखलखते, मागे निळं आभाळ आहे. डोळ्यात भरणारा फोटो आहे, यात वाद नाही. दुसऱ्या गटात खिडकीचा फोटो पहिला आला आणि गच्चीचा जवळजवळ तळाला. नाशिकच्या एका ताईंनी तर मला फोन केला, "अहो, तो उन्हातला फोटो आपल्या साडीचा नाहीच ना?" साडी तीच होती.

दोन्ही गटांचं उत्तर बरोबर आहे. एकींनी फोटोला मत दिलं, दुसऱ्यांनी साडीला. साइटला हा फरक कळत नाही, कारण तिने प्रश्नच तसा विचारलेला नाही. मी दोन वेगळे संच केले नसते आणि सगळ्यांना एकच लिंक दिली असती, तर दोन्ही प्रकारची मतं एकत्र मिसळून मधलाच कुठला तरी फोटो वर आला असता, जो दोघींच्याही उपयोगाचा नाही.

धंद्याला मला दोन्ही उत्तरं लागतात. ज्या फोटोवर स्क्रीन सरकवणारं बोट थांबतं तो पहिला फोटो वेगळा. आत गेल्यावर ज्याच्यावर भरवसा ठेवून बाई पैसे भरते तो वेगळा. पहिला जरा खुललेला असला तर चालतो, पण दुसऱ्याने फसवलं तर साडी परत येते. जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च माझ्या अंगावर, ते ठीक आहे. पण साडीची मूळ घडी मोडते, जरीवर चुण्या येतात, आणि नवी साडी नवी दिसत नाही. हातमागावर माणसाने दिवसच्या दिवस बसून विणलेलं वस्त्र केवळ फोटोच्या खोट्या रंगामुळे सवलतीत विकावं लागणं मला सहन होत नाही. आमचे एक विणकर भय्या परत आलेली साडी हातात घेऊन एवढंच म्हणतात, "दीदी, माल में तो खोट नहीं थी." खोट नव्हतीच.

म्हणून माझी पहिली मागणी ही: फोटो टाकणाऱ्याला एक ओळ लिहू द्या आणि ती ओळ प्रत्येक जोडीच्या वर ठळक राहू द्या. "साडी तुमच्याकडे असेल तर सांगा, कोणत्या फोटोत रंग खरा आहे?" किंवा "काठ कोणत्या फोटोत नीट कळतो?" किंवा "कोणता फोटो दिसला तर तुम्ही थांबाल?" आणि एकाच संचाच्या दोन-तीन लिंका काढता याव्यात, प्रत्येक लिंकची मतं वेगळी दिसावीत. हे फक्त माझ्यासारखीला नाही, सगळ्यांना लागेल. शेजारच्या मुलाने स्थळांसाठी लावायचे फोटो टाकले होते. त्याच्या मित्रांनी गॉगलवाला निवडला, मावशीने आणि आत्याने कुर्त्यातला. आता हा फोटो कुणाला दाखवायचाय हे वर लिहिलेलं असतं तर त्याचंही काम एका फेरीत झालं असतं.

रंगाचं पुढचं. भाचीच्या आयफोनने काढलेले फोटो साइटवर चढले की फिके पडतात, माझ्या साध्या फोनचे पडत नाहीत. आधी मला वाटलं साइट फोटो फार दाबते. पण तसं असतं तर जरीच्या कडा फुटल्या असत्या, आणि त्या तर स्वच्छ होत्या. फक्त लाल आणि राणी बसले होते. हे कलर प्रोफाइलचं काम असणार, असं मी मुलांना सांगितलं. आयफोन बरीच वर्षं डिस्प्ले पी-३ नावाच्या रुंद रंगपट्ट्यात फोटो साठवतो आणि तसं फोटोच्या आत लिहून ठेवतो. साइट फोटो लहान करताना आतली ही चिठ्ठी काढून टाकत होती. चिठ्ठी नसली की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी, म्हणजे वेबवरचा नेहमीचा रंगपट्टा, समजून वाचतो, आणि एसआरजीबीचा पट्टा अरुंद असल्यामुळे रंग मरतात. मुलांनी तपासलं, तेच निघालं. उपाय सोपा आहे: आधी रंग एसआरजीबीत नीट बदलून घ्यायचे, मग चिठ्ठी काढायची. हे त्यांनी तातडीने करावं, कारण आत्ता साइटवर आयफोनवाल्या आणि बाकीच्या फोनवाल्या फोटोंची जोडी लागली की आयफोनवाला अन्यायाने हरतो आहे. ज्या साइटचं कामच तुलना आहे, तिथे एका पारड्यात आधीच वजन पडलेलं चालणार नाही.

साडी, दागिने, कुंड्या, भांडी, काहीही विकणाऱ्या बायकांना इथेच एक सांगून ठेवते. फोटोच्या एका कोपऱ्यात पांढरा कोरा कागद येऊ द्या. लॅबमध्ये आम्ही करडं कार्ड वापरायचो, अठरा टक्के परावर्तनाचं. घरी ते नसेल तर साधा कागदही बराच उपयोगी पडतो. कागद हिरवट दिसला म्हणजे ट्यूबलाइटने घात केला, निळा दिसला म्हणजे सावलीने. फोन एडिटिंगमध्ये कागद पांढरा करून घेतला की साडीचा रंगही बराचसा जागेवर येतो. मग कागद कापून टाका.

कापण्यावरून क्रॉपचं आठवलं. साइट प्रत्येक फोटो चौकोनी करते आणि तेही मधोमध धरून. उभा फोटो असेल तर वरचं आणि खालचं जातं, आडवा असेल तर डावं-उजवं. साडीत हे अगदी नको तिथे लागतं. महेश्वरीचं अंग साधं असतं, कधी बारीक चौकडा, कधी पट्टे. सगळा जीव काठात आणि पदरात. काठावर चटई असते, विटांची वीण असते, हिरा असतो, नर्मदेच्या लाटेसारखी लहर असते; किल्ल्याच्या दगडी नक्षीतून या खुणा काठावर उतरल्या असं महेश्वरात सगळे सांगतात. काही साड्यांचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, बुगडी म्हणतात त्याला, म्हणजे साडी उलटसुलट कशीही नेसा. पदराला पट्टे असतात. आता नेसलेल्या साडीचा उभा फोटो मधोमध धरून चौकोनी केला तर खालचा काठ गेला. पदर पसरून आडवा काढला तर टोकाचे पट्टे गेले. उरलं ते साधं अंग, जे कुठल्याही गिरणीच्या कापडासारखं दिसतं. बघणारी मत देते ते मी न काढलेल्या फोटोला. फोटो आहे त्या मापात पूर्ण दाखवा, बाजूला करडी पट्टी राहिली तर राहू दे. पांढरी किंवा काळी नको, त्याने रंग गडद किंवा उजळ भासतो.

आणि फोटोवर बोट ठेवलं की मत पडतं, हे तर लगेच बदला. साडी बघणारी बाई पहिल्यांदा काय करते? फोटो मोठा करून काठ बघते, जर बघते. इथे मोठा करायला दोन बोटं टेकवली की मत नोंदवून पुढची जोडी येते, आणि मागे जाता येत नाही. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या कितीजणींनी मला सांगितलं, "अगं, मला ते द्यायचंच नव्हतं." म्हणजे जी नीट बघायला जाते तिचंच मत चुकीचं पडतं आणि घाईने बघणारीचं बरोबर. बोट लावलं की फोटो मोठा व्हावा, मत द्यायचं बटण खाली वेगळं असावं, आणि एक पाऊल मागे यायची सोय असावी. "दोन्ही सारखे" हे बटणही हवं. कधी कधी खरंच उन्नीस-बीस असतं, आणि जबरदस्तीने निवडायला लावलं की माणूस कुठलंही एक दाबून मोकळा होतो.

क्रम कसा लावता, हे मी मुलांना बसवून विचारलं. "काकू, बुद्धिबळवाली पद्धत आहे, एलो." आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, बुद्धिबळपटूंचं बळ मोजायची त्यांची पद्धत जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. प्रत्येकाला सुरुवातीला सारखे गुण. बलवानाला हरवलं तर जास्त गुण मिळतात, दुबळ्याला हरवलं तर थोडे. चारशे गुणांचा फरक असेल तर वरचा खालच्याहून दहापट वेळा जिंकेल असा हिशेब असतो. पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात अलीकडच्या डावाला जास्त वजन मिळतं, कारण खेळाडू शिकतो, पिकतो, थकतो. फोटो मात्र सकाळी जो होता तोच संध्याकाळी असतो. मग संध्याकाळी मत देणाऱ्या बाईचं मत सकाळच्या बाईपेक्षा भारी का ठरावं? माझ्या संचात हे प्रत्यक्ष दिसलं. दिवसभर तिसऱ्या जागेवर असलेला फोटो रात्री दोन-चार मतांत पहिला झाला आणि दुसऱ्या सकाळी परत खाली आला. याच कामाची ब्रॅडली आणि टेरी या संख्याशास्त्रज्ञांची १९५२ ची पद्धत आहे, ती सगळी मतं एकदम घेऊन हिशेब करते, मतं कोणत्या क्रमाने आली याला तिथे किंमत नसते. मुलांना ती माहीत आहे. एलो लिहायला सोपी म्हणून ती आधी घातली, असं म्हणाली. आता बदला.

क्रमाच्या शेजारी टक्के दाखवता, तिथे जोड्यांची संख्याही दाखवा. उशिरा टाकलेला एक फोटो तीनच जोड्यांत आला, तिन्ही जिंकला, आणि शंभर टक्के म्हणून मिरवत होता. पन्नासांतून चाळीस जिंकलेला बिचारा ऐंशी टक्क्यांवर त्याच्या खाली. अनोळखी माणूस हे बघून काय समजणार?

अजून एक गंमत झाली, ती मला फार आवडली म्हणून सांगते. घडीचा फोटो अंगावरच्या फोटोला हरवत होता, अंगावरचा काठाच्या फोटोला, आणि काठाचा घडीच्या फोटोला. मला वाटलं काही बिघडलं. पण बहुमत घेतलं की असं गोल फिरू शकतं, हे फ्रान्सच्या कॉन्दोर्से या गणितज्ञाने १७८५ मध्येच दाखवून दिलं आहे. तेव्हा नुसता क्रम देऊ नका. कोण कुणाला हरवतो याचा छोटा तक्ता द्या. सहा फोटोंना पंधरा घरं लागतात, मोबाइलवर आरामात मावतात. मला त्या तक्त्यातूनच कळलं की हे तिन्ही फोटो लावायला हवेत, एकाने भागणार नाही. बारा फोटो टाकले तर मात्र जोड्या सहासष्ट होतात आणि साइट त्या सगळ्या एकाच माणसाला दाखवते. अर्ध्यात सोडून जातात लोक, आणि अर्धवट सोडलेल्यांची मतं आत्ता मोजलीच जात नाहीत. प्रत्येकाला पंधराच दाखवा आणि जेवढी दिली तेवढी मोजा.

आता जे मला मनापासून खटकलं. चेहरे. मी एकच साडी, एकाच खिडकीशी, एकाच वेळी दोघींना नेसवून फोटो काढले. एक माझी भाची, सावळी. दुसरी तिची मैत्रीण, गोरी. निऱ्या, पदर, उभं राहणं, सगळं सारखं. मैत्रिणीचा फोटो पुष्कळ पुढे गेला. मग दोन्ही फोटो मानेपासून वर कापून टाकले आणि परत मतं मागितली, तर दोघी बरोबरीत आल्या, उलट भाचीच्या अंगावर साडीचा रंग जास्त उठून दिसतो असं काहींनी मला वेगळं कळवलं. म्हणजे पहिल्या वेळी साडीला मत पडलंच नव्हतं. आणि भाचीने तो पहिला निकाल पाहिला. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर तिचे चेहऱ्यासकट फोटो मी तिथे टाकणं बंद केलं.

दोन-दोन चेहरे समोर ठेवून निवडायला लावण्याचा इतिहास चांगला नाही. २००३ मध्ये हार्वर्डमध्ये शिकताना मार्क झुकरबर्गने फेसमॅश नावाची अशीच साइट केली होती, विद्यार्थ्यांचे फोटो वसतिगृहांच्या ऑनलाइन याद्यांमधून त्यांना न विचारता उचलून. काही दिवसांतच ती बंद करावी लागली. आपल्या मुलांच्या मनात तसं काही नाही हे मला ठाऊक आहे. पण साइटवर कुणीही कुणाचाही फोटो टाकू शकतं आणि लिंक गावभर फिरू शकते. माणूस असलेला फोटो टाकताना त्या माणसाला विचारलं आहे का, हे साइटने थांबून विचारलं पाहिजे. ज्याचा फोटो आहे त्याला तो काढून टाकायला सांगता आलं पाहिजे, आणि ते बटण वरच दिसायला हवं, तळाशी बारीक अक्षरात नको. चेहरा झाकायची सोय साइटमध्येच दिली तर साडीवाल्या, दागिनेवाल्या, शिवणाऱ्या बायका तुमचे उपकार मानतील.

याच्याइतकीच गंभीर गोष्ट लोकेशनची आहे. मी साइटवर चढवलेला मूळ फोटो परत उतरवून पाहिला. आत माझ्या गच्चीचं ठिकाण जसंच्या तसं होतं, नकाशावर टाकलं तर घराचं छप्पर दिसेल इतकं नेमकं. लहान केलेल्या फोटोतून रंगाची चिठ्ठी निघून गेली, आणि मोठ्यातून जी जायला हवी ती राहिली. घरून धंदा करणाऱ्या बायका मुद्दाम पत्ता देत नाहीत. कित्येकजणी दिवसभर घरात एकट्या असतात. मूळ फोटो उतरवायचं बटण मत देणाऱ्याला दिसताच कामा नये, आणि लोकेशन फोटो चढतानाच पुसलं गेलं पाहिजे. साइट सगळ्यांसाठी खुली करण्याआधी हे झालंच पाहिजे, बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल. तोवर वापरणाऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करून फोटो काढावेत.

बाकी किरकोळ. साइट पटकन उघडते, खातं न काढता मत देता येतं, जाहिराती नाहीत. आयफोनचे काही फोटो चढतच नाहीत, हेइक (HEIC) या फाइल-प्रकारातले असले की नुसतं चाक फिरत राहतं. निकाल छापून घ्यायला नीट पान हवं. गणेशोत्सवात सजावट स्पर्धेला मंडळांना ही साइट द्यायचा मुलांचा विचार आहे. जोड्या आपोआप पडत असल्यामुळे आपल्याच मखराला धडाधड मतं टाकणं इथे थोडं कठीण आहे, पण लिंक उघडून परत परत येणाऱ्याला अजून कुणी अडवत नाही, तेव्हा यंदा घाई करू नये.

पैसे द्याल का, असंही त्यांनी विचारलं. देईन. वेगळ्या लिंका, वर प्रश्नाची ओळ आणि तो तक्ता, एवढं मिळालं तर महिन्याला एका परत आलेल्या साडीच्या कुरिअरइतके पैसे मी आनंदाने देईन. लोकेशन आणि आयफोनचे रंग दुरुस्त झाले की मला कळवा. राखीच्या आधीचा नवा लॉट येतोय, त्यात दोन साड्या धूपछाँव आहेत, एक आमसुली आणि एक शेवाळी, त्यांचे फोटो पहिल्यांदा तिथेच टाकते.